चौसष्टावं कुंपण

मला आलेल्या एका पत्राला मी जवळजवळ दोन वर्षं उत्तर दिलं नाही. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पत्र शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि शब्दकोश मी रोज उघडतो.

पत्र नकाशावालीचं होतं. गावात तिला याच नावानं ओळखायचे, म्हणून मीही तेच लिहितो. दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद, अक्षर घाईचं, पण प्रश्न एकच. त्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. लिहायला बसलो की वाटायचं, आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. पार्श्वभूमी सांगायला लागलो की भावाचं नाव येई. मग मी टोपण लावून पेन खाली ठेवत असे.

मी पस्तीस वर्षं शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्न जमलं नाही. निवृत्त झालो तेव्हा धाकट्या भावाच्या आणि भावजयीच्या घरी येऊन राहिलो, पुस्तकांच्या सात पेट्या घेऊन. गावात माझ्यामागे मला 'काना-मात्रा' म्हणतात. तोंडावर काका.

भाऊ कुंपणं घालतो. थोडी शेती आहे, एक गाय आहे, पण खरा धंदा तारेचा. लोखंडी अँगल पुरायचे, त्यांना तार ओवायची, ताणणीनं ताणायची, पक्कडीनं पिळायची. त्याच्या दोन्ही तळहातांना आडव्या रेघा पडल्यात, कुणी चाकूनं मारल्यासारख्या. उभ्या अँगलवर तो पक्कड आपटतो आणि आवाजावरून सांगतो, हा पक्का आहे, हा खाली सैल आहे. मी त्याला एकदा विचारलं होतं, कसं कळतं. म्हणाला, "तुला छापलेल्यात चूक कशी दिसते? तसंच."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याआधी पाणी समितीकडे नोटीस आली. अमुक आठवड्यात गावावरून हेलिकॉप्टर उडेल. त्याखाली मोठं कडं लटकत असेल. जमिनीखाली वाळू कुठे, चिकणमाती कुठे, गोडं पाणी कुठे आणि खारं कुठे, ते वरून मोजायचं आहे. कुणी घाबरू नये. सोबत एक फॉर्म होता. गावातल्या लोखंडी वस्तू त्यात लिहून द्यायच्या, कारण लोखंडामुळे मोजमाप बिघडतं. तारेची कुंपणं, विजेच्या तारा, नळ, पत्र्याच्या शेड. कुंपणं तात्पुरती असली तरी. 'तात्पुरती' या शब्दाखाली रेघ मारली होती.

समितीच्या खोलीत त्या नोटिशीवर दोन तास बोलणं झालं.

"पाणी शोधायला आकाशात कोण जातं?" दूधवाला म्हणाला.

"शेड मोजणार आणि कर बसवणार. पाणी हे निमित्त."

"अरे, जमिनीत त्यांना काहीतरी आधीच सापडलंय. नाहीतर आपल्यासाठी कोण हेलिकॉप्टर पाठवतंय? आपल्याकडे धड गाडी येत नाही."

शेवटी फॉर्म माझ्याकडे आला, अक्षर चांगलं म्हणून. लोकांनी माझ्यापासून लोखंड लपवलं. दूधवाल्यानं शेजाऱ्याची शेड सांगितली, स्वतःची सांगितली नाही. मग मी भावाला घेऊन तीन दिवस गावभर फिरलो. निम्म्याहून जास्त कुंपणं त्यानंच घातली होती. तो पुढे, हातात पक्कड, प्रत्येक कुंपणाच्या पहिल्या अँगलवर एक टोला. "हे चार तारांचं. हे माझं नाही, बघ कसं पोट सुटलंय." मी मागे वही घेऊन. खरं सांगायचं तर आयुष्यात त्याच्याबरोबर इतका मी कधीच फिरलो नव्हतो, आणि ते तीन दिवस मला फार आवडले.

कुंपणं भरली त्रेसष्ट.

चौसष्टावं आमच्या पूर्वेच्या हद्दीवर होतं. तिकडे एक लांबट, अरुंद शेत आहे, पट्टीसारखं. ते शिवणवालीचं. तिचा नवरा थंडीत गेला, आणि त्याला महिना होतो न होतो तोच भावानं तिच्या शेतात सात पावलं आत जाऊन कुंपण उभं केलं. म्हणाला, बाबांच्या वेळी बांध इथेच होता. मला आठवत नव्हतं. मी तेव्हा शहरात होतो, आणि नसतो तरी मला आठवलं असतं की नाही कोण जाणे. बांधाकडे बघत बसणारा मुलगा मी नव्हतो.

शिवणवाली गळ्यात माप-फीत तशीच घालून शेतात आली होती. बांधावरच्या जुन्या दगडापासून ती वाकून मोजत निघाली. फीत टेकव, बोट ठेव, पुन्हा टेकव.

"बाहीचं माप घेताय का, वहिनी?" भावानं विचारलं. त्याचे दोन मजूर हसले.

"माप ते माप," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही सात पावलं आत आलात."

"पावलं कुणाची धरायची? माझी की तुमची?"

"मोजणीदाराची," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिनं अर्ज केला.

मोजणीदार यायच्या आधी हेलिकॉप्टर येणार होतं. फॉर्म भरायला बसलो तेव्हा भाऊ समोर ताणणीच्या दात्यांना ग्रीस लावत होता. मी यादी शेवटपर्यंत आणली आणि चौसष्टचा आकडा घातला.

"आता हे पूर्वेचं," मी म्हणालो.

"ते कुठे कुंपण आहे? खुणेपुरतं आहे ते."

"तात्पुरतीही लिहायची आहेत. रेघ मारली आहे त्यांनी."

त्यानं चिंधीला हात पुसले. "दादा, सरकारी कागदावर तू तुझ्या हातानं लिहिलंस की आमचं कुंपण अमुक ठिकाणी आहे, तर उद्या मोजणीदार तोच कागद पुढे करेल. म्हणेल, पुरावा कुणी दिला? सख्ख्या भावानं. एका कुंपणानं आकाशातल्यांचं काय अडतंय?"

मला नाही म्हणता आलं नाही. मी आकडा खोडला. मग ती खाडाखोड नजरेला खुपायला लागली, म्हणून ते अख्खं पान पुन्हा स्वच्छ लिहून काढलं.

हेलिकॉप्टर आलं ते सकाळी. खालचं कडं एवढं मोठं की त्यात आमचं घर, गोठा आणि अंगण सहज मावलं असतं. कड्याला आठ कोपरे होते आणि ते तिरकं न होता तरंगत होतं, कुणीतरी अदृश्य ताटात धरल्यासारखं. गायीनं दावं ताणलं. वाळत घातलेले कपडे दोरीवर गुंडाळले गेले. पूर्वेच्या हद्दीवरून ते तीनदा आडवं गेलं, दर वेळी थोडं दक्षिणेला सरकून. भाऊ कुंपणापाशी उभा होता. पलीकडे शिवणवाली उभी होती, डोक्यावर हात धरून. मधे पाच तारा.

"तारेला हात लाव," भाऊ ओरडून मला म्हणाला. "थरथरतेय बघ."

वाऱ्यानं थरथरत असणार. पण मला ते आवडलं नाही.

मोजणीदार यायच्या दोन दिवस आधी भावानं कुंपण काढलं. मजूर बोलावले नाहीत, मला नेलं. त्यानं पहारीनं अँगल उचकटायचे, मी ते हातगाडीत टाकायचे. माझ्या तळहातांचे फोड फुटले. शेवटी त्यानं खड्ड्यांत माती लोटली आणि पायानं दाबत दाबत गेला, जणू तिथे कधी काही नव्हतंच. मोजणीत हद्द निघाली ती शिवणवाली म्हणत होती तिथेच. भाऊ सही करून घरी आला, जेवला, आणि त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. कुंपण एकोणीस दिवस उभं होतं.

चार महिन्यांनी नकाशावाली आली. तिशीची, पायात जाड बूट, आवाज लहान. समितीच्या खोलीत तिनं भिंतीवर नकाशा लावला. गोड्या पाण्याचा भाग निळा, खाऱ्याचा लाल. गाव निळ्यात होतं. पूर्वेला ओढ्याकाठची खोलगट जमीन लाल होती, ते सगळ्यांना माहीतच होतं, तिथे काही उगवत नाही. पण तो लाल रंग ओढ्याकाठी न थांबता अलीकडे सरकला होता. शिवणवालीचं पूर्ण शेत त्याखाली गेलं होतं. आमच्या हद्दीवर येऊन तो थांबला होता.

तिनं सांगायचा प्रयत्न केला. कड्यातून वीज सोडायची आणि एकदम तोडायची. जमिनीत त्याचा पडसाद उठतो आणि विरत जातो. खाऱ्या पाण्यात, चिकणमातीत सावकाश विरतो, कोरड्या वाळूत पटकन. आपल्याला फक्त ते विरणं मोजता येतं. मग खाली कुठले थर असतील याचा अंदाज करायचा, तसे थर असते तर काय मोजलं गेलं असतं ते संगणकाकडून काढायचं, ताडून बघायचं, जुळलं नाही तर थर बदलायचे. जुळेपर्यंत.

"म्हणजे उत्तर हातात आहे आणि गणित शोधायचं," मी म्हणालो. मी मागच्या बाकावर होतो आणि बोलणार नव्हतो.

ती हसली. "अगदी तसंच, काका. आणि एका उत्तराची गणितं पुष्कळ असतात. म्हणून बाकीची खात्रीची माहिती लागते. कुंपणाजवळचे आकडे आम्ही काढून टाकतो, कारण तिथे जमीन बोलत नसते, तार बोलत असते. ही यादी तुम्ही केलीत ना? इतकी स्वच्छ यादी मला कुठल्याच गावानं दिली नाही."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. भावानं पाहिलं नाही.

शिवणवाली दाराशी उभी होती. "माझ्या विहिरीचं पाणी कधी खारट लागलं नाही."

"वरचं गोडं असू शकतं. खोलवर खारं असेल."

"खोल जाऊन पाहिलं कुणी?"

"नाही," नकाशावाली म्हणाली. "वरून ऐकलं."

"आणि ऐकण्यात चूक झाली असेल तर?"

समितीचा अध्यक्ष मधे पडला. लाल भागात कुणी खोल बोअर घेतली आणि खारं पाणी वर आलं, तर शेजारची गोडी विहीर नासेल. म्हणून लाल भागात बोअरला परवानगी नाही. ठराव तिथेच झाला.

महिनाभरानं पत्र आलं. त्यातला मधला भाग मला पाठ आहे.

"तुमच्या पूर्वेच्या हद्दीवर उड्डाणाच्या तीन ओळींत एकाच जागी सारखा बदल दिसतो. तिन्ही जागा जोडल्या तर पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ येते. जमिनीखालच्या सीमा इतक्या सरळ नसतात. यादीत तिथे काही नाही, आणि मी आले तेव्हा तिथे काही दिसलंही नाही. आमचे वरिष्ठ म्हणतात, यादीत नाही म्हणजे खारं पाणीच. संगणकाला विचारलं तर तो नेहमी काहीतरी उत्तर देतोच. काका, त्या दिवशी तिथे तार होती का? असेल तर तेवढे आकडे काढून मी पुन्हा सोडवेन. कधीही कळवलंत तरी चालेल. आकडे जपून ठेवलेले असतात."

ते शेवटचं वाक्य वाईट होतं. उशीर झाला, आता उपयोग नाही, असं म्हणायची सोय त्यानं ठेवली नव्हती.

यंदा पाऊस कमी झाला. शिवणवालीची उथळ विहीर हिवाळा संपायच्या आधीच आटली. खोल जायची परवानगी नाही. ती दोन डबे घेऊन आमच्या विहिरीवर यायला लागली. भावानं नाही म्हटलं नाही. पण ती आली की त्याला गाय पाजायचं आठवे. ती डबे खाली ठेवून थांबे. गाय पाणी पिई, मान वर करी, पुन्हा पिई. मग तो बादली विसळून गायीच्या पायांवर ओती. मग म्हणे, "घ्या वहिनी, तुमचंच आहे."

मी खिडकीतून हे बघायचो. हातात पुस्तक असायचं.

उन्हाळा लागला तेव्हा भावाकडे एक मोठं काम आलं आणि मजूर मिळेनात. मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो. मला ताणणीचा दांडा धरता येत नाही, म्हणून मी तारेचं भेंडोळं उलगडत चालायचो. तार उन्हानं इतकी तापायची की हातमोज्यातून चटके बसत. चौथ्या दिवशी सावलीत पाणी पिताना तो म्हणाला, "शिवणवाली शेत विकतेय."

"कुणाला?"

"आपल्यालाच. दुसरं कोण घेतंय खारं शेत? पडत्या भावात देतेय. सोमवारी सह्या."

"खाऱ्या शेताचं तू काय करणार?"

तो तारेचं टोक पक्कडीत धरून बघत राहिला. "बघू. जमीन वाया जात नाही."

त्या 'बघू'वर मी तीन दिवस अडकलो. त्याला माहीत आहे का? कसं असेल? त्याला वाचायचा कंटाळा. तारेच्या भेंडोळ्यावरची चिठ्ठीसुद्धा तो मला वाचायला देतो. जेवताना मी त्याच्या तोंडाकडे बघू लागलो. तो हसला तर का हसला, गप्प बसला तर का बसला. एक उत्तर आणि त्याची ढीगभर गणितं.

आणि मग पत्राची जागा बदललेली दिसली.

मी ते शब्दकोशाच्या सुरुवातीच्या पानांत ठेवत असे. त्या सकाळी ते मागच्या पानांत होतं, घडी नीट घातलेली. घरात तीन माणसं. त्यातला एक मी.

त्याच दुपारी शिवणवाली दारात आली. पाण्याला नव्हे. तिच्या हातात खरेदीखताचा कच्चा कागद होता.

"काका, एवढं वाचून द्या. कुठे फसवणूक नाही ना, ते बघा."

"मी? घेणारा माझा भाऊ आहे."

"म्हणूनच. तुमच्या भावावर माझा विश्वास नाही. तुमच्यावरही आहे असं नाही. पण लिहिलेल्यातली चूक तुमच्या नजरेतून सुटत नाही म्हणतात. आणि चूक दिसली की तुम्हाला गप्प बसवत नाही, असंही म्हणतात."

मी चष्मा लावला. तिसऱ्या ओळीत होतं, 'खाऱ्या पट्ट्यातील जमीन, विहिरीस अयोग्य.' मी कागद खालपर्यंत वाचला. दोन ठिकाणी मात्रा राहिल्या होत्या. पेन्सिलीनं त्या घातल्या आणि कागद परत दिला.

"बाकी?"

"बाकी ठीक आहे," मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली, बोटांनी दाबून, कापडाला दुमड घालतात तशी. "माझ्याकडे बघून म्हणाला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि गेली.

भावजय अंगणात भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. आमच्या घरात आतलं अंगणात ऐकू येतं. ती हात न थांबवता म्हणाली, "पत्र मी काढलं होतं, भाऊजी."

मी चष्मा काढला.

"काल पुन्हा काढलं. म्हटलं, आता तरी उत्तराचा एखादा कागद आत असेल."

"पुन्हा म्हणजे?"

"पहिल्यांदा आलं त्याच आठवड्यात वाचलं होतं. पुस्तकं झटकताना पडलं."

"आणि त्याला?"

"वाचून दाखवलं. माझा नवरा आहे तो." तिनं पातेलं उपडं घातलं. "ते घाबरले होते. म्हणाले, दादा आता लिहिणार आणि आपली शोभा होणार. रोज विचारायचे, दादानं पाकीट मागितलं का, दादा पोस्टात गेला का. महिना झाला, दोन झाले. मग म्हणाले, दादा काही लिहीत नाही, म्हणजे दादाला चालतंय. जमीन आपल्याकडे आली तर दादालाही नको आहे असं नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"तुम्ही काहीच म्हटलं नाही, भाऊजी." तिनं हात धुतले. "मलाही वाटलं, शिकलेला माणूस आहे, काही विचार करूनच गप्प असेल."

आयुष्यभर मी भिडस्तपणाला माझा एकट्याचा त्रास समजत आलो. त्याचा इतरांनी काय अर्थ लावला असेल, हे मनात आलं नव्हतं. भावानं लावलेला अर्थ चुकीचा होता, असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना.

मी तिथेच टेबलाशी बसून लिहिलं. पार्श्वभूमी लिहिली नाही. लिहिलं की उड्डाणाच्या दिवशी त्या जागी तारेचं कुंपण होतं, शेताच्या पूर्ण लांबीचं, लोखंडी अँगलवर चार तारा. यादी माझ्या हातची आहे. हे कुंपण मला माहीत होतं आणि मी ते लिहिलं नाही. नंतर ते काढण्यात आलं, म्हणून आपल्याला दिसलं नाही. कागद मी शब्दकोशात ठेवला नाही. टेबलावर उघडा ठेवला, वर दगड ठेवून, आणि समोर बसून राहिलो.

भाऊ चारच्या सुमाराला आला. पहार भिंतीला लावली, पाणी प्यायला, आणि त्याला कागद दिसला. उभ्यानंच वाचायला लागला. वाचताना त्याचे ओठ हलतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. मीच त्याला अक्षरं शिकवली होती, आणि तेव्हाही ओठ असेच हलायचे.

"दोन वर्षं गप्प होतास," तो म्हणाला.

"हो."

"मग मी काय समजायचं होतं?"

"विचारायचं होतंस."

"तू सांगायचं होतंस. तू मोठा." त्यानं मान फिरवली. "आता गावात मी चोर."

"कुणी घातलं ते मी लिहिलेलं नाही. तिला ते लागत नाही. चूक यादीची आहे, आणि यादी माझी."

"गावाला कळायचं राहणार आहे का? त्या शेतात दुसरा कोण कुंपण घालायला गेला होता?"

तो आत गेला. आत भावजयीशी काही बोलला, तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. मी पाकिटावर पत्ता लिहीत होतो तेव्हा तो परत बाहेर आला. वाटलं, कागद फाडणार. मी हात पुढे केला नाही.

"चार तारा लिहिल्यास तू."

"हो. तेवढंच आठवलं."

"पाच होत्या." त्याचा आवाज चिडका होता. "सगळ्यात खालची वीतभर उंचीवर. एकशे बारा अँगल, दहा दहा फुटांवर, दोन्ही टोकांना तिरके टेकू. चार तारांचं कुंपण हद्दीवर कोण घालतं? ती बाई म्हणेल, यांना धड कुंपणही घालता येत नाही."

मी चारचं पाच केलं. एकशे बारा अँगल लिहिले. टेकू लिहिले. दिवस किती, मी विचारलं. "एकोणीस," तो म्हणाला, आणि पहार उचलून परत कामावर निघून गेला. त्या वेळी कुणी कामावर जात नाही.

खाडाखोड तशीच राहू दिली. पाकीट चिकटवलं.

पोस्टाची पेटी शिवणवालीच्या घराच्या पुढे आहे, चौकात. दारावरून पुढे जाता आलं असतं. गेलोही दहा पावलं. मग मागे फिरलो. ती मशीनवर होती, पाय चालूच होते.

"सोमवारी सही करू नका," मी म्हणालो. या वेळी तिच्याकडे बघून म्हणालो, म्हणजे निदान तिच्या खांद्याकडे.

मशीन थांबलं. मी सांगितलं. वाईट सांगितलं, मधूनच सुरुवात केली, मग कड्यावर गेलो, मग पत्रावर. तिला दोनदा विचारावं लागलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे माझं शेत खारं नाहीच?"

"ते माहीत नाही. असेलही. ते आकडे काढून टाकले की तिथे लाल नसेल आणि निळंही नसेल. कोरं असेल. मग एक चाचणीची बोअर घेऊन बघू देतील."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि हे दोन वर्षांपूर्वी सांगता आलं असतं."

"हो."

तिनं सुई वर घेतली, धागा तोडला. "दुपारी मी कागद दाखवला तेव्हाही सांगता आलं असतं."

"हो."

"आता काय झालं म्हणून सांगताय? सोमवारी मी सही केली नाही, की तुमच्या घरचे मंगळवारी काय काढणार आहेत?"

मी पाकीट तिच्यापुढे धरलं. तिनं ते हातात घेतलं नाही. पत्ता वाचला, तिकीट बघितलं, चिकटवलेली कड बघितली.

"माझ्यासमोर टाका," ती म्हणाली. चपला घातल्या आणि माझ्याशेजारून नाही, दोन पावलं मागून चालत आली. चौकात दूधवाला बसला होता. आम्हा दोघांना असं येताना पाहून त्यानं मान लांब केली. दोन दिवसांत गावभर होणार, हे मला तेव्हाच दिसलं.

पेटीच्या फटीत मी पाकीट अर्धं घातलं आणि क्षणभर तसंच धरलं. सवय. आत काही चूक राहिली का, हे आठवत होतो. एक मात्रा राहिली होती, दुसऱ्या ओळीत, आता मला ती स्पष्ट दिसली.

मी पाकीट सोडलं. पेटी रिकामी असावी. ते तळाशी टेकल्याचा आवाज आला. शिवणवालीनं पेटीच्या पत्र्यावर वळलेली बोटं दोनदा आपटून बघितली, ऐकलं, आणि मग घराकडे वळली.